अ‍ॅनिमॅटिक टाळू नका
अ‍ॅनिमेशन फिल्मचा स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटची क्रमाने काढलेली चित्रं, पक्का असताना अ‍ॅनिमॅटिकवर, म्हणजे तीच चित्रं वेळ आणि आवाज लावून जोडलेल्या कच्च्या व्हिडिओवर, वेळ कशाला घालवायचा, असं कुणी विचारेल. माझं म्हणाल तर तो कराच. शॉट किती वेळ टिकणार हे कागदावर कळतच नाही. समजा, पात्र आत येतं, टेबलावरचं पत्र पाहतं. चित्रं दोनच, पण प्रेक्षकाला आधी पत्र दिसायला हवं, मग चेहरा बदलायला हवा. याला ३ सेकंद पुरतील की ५ लागतील? सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर फरक ४८ फ्रेमचा. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी २४ चित्रं जास्तीची! छोट्या टीमला हे फार जड जातं. अ‍ॅनिमॅटिक करताना संवाद फोनवर कच्चे रेकॉर्ड करून चित्रांखाली लावा. आणि नको असलेला शॉट तिथेच उडवा, रंगवून झाल्यावर तो काढायला हात धजत नाही.