शुक्रावरचं लक्ष्मी पठार लाव्हाने उंचावलं की रेट्याने?

खडकवेडा: लक्ष्मी पठार सरासरी पातळीपेक्षा साधारण ४ किमी उंच आहे. वर सपाट लाव्हा, मधे कोलेट आणि सकाजाविया ही मोठी ज्वालामुखी कुंडं. मग दख्खनसारखे लाव्हाचे थर साचून ते उंच झालं, असं मानायला काय हरकत?

कातळ: हरकत कडांची. सह्याद्रीत आडवे थर कापलेले दिसतात. तो कडा झिजेचा. लक्ष्मीच्या कडेला मात्र पठाराहून उंच डोंगर आहेत: पश्चिमेला आक्ना, उत्तरेला फ्रेया, पूर्वेला मॅक्सवेल (जवळपास ११ किमी). ते ज्वालामुखी नव्हेत. एकापाठोपाठ एक समांतर रांगा आहेत, म्हणजे कवच बाजूने रेटलं जाऊन चुण्या पडल्या आणि ते जाड झालं. उंची त्या जाडीची. लाव्हा वरचं लिंपण. आक्नाच्या पायथ्याशी मैदानाचा लाव्हाही मुडपलेला आहे, म्हणजे तो पसरल्यावरही रेटा चालूच होता.

खडकवेडा: रेटा आला कुठून? शुक्रावर पृथ्वीसारखी भूपट्टांची हालचाल नाही ना?

कातळ: वाद तिथेच आहे. प्रावरणातून (कवचाखालच्या जाड थरातून) तप्त खडक वर आला म्हणावं, तर मधली कुंडं समजतात, पण कडेच्या चुण्यांसाठी जास्तीचं काही जोडावं लागतं. प्रावरण खाली बुडताना कवच ओढून गोळा झालं म्हणावं, तर चुण्या जमतात, कुंडं अडतात. कवचाचा तुकडा पठाराखाली सरकला, ही तिसरी कल्पना; फ्रेयाच्या बाजूला ती मला जास्त पटते. २०२४ साली कॅपिटानियो आणि सहकाऱ्यांनी प्रतिकृती मांडली: मऊ कवच पातळ होतं, वितळतं आणि उरलेला भाग पृथ्वीवरच्या प्राचीन भूखंडगाभ्यांसारखा टणक होतो.

रडारवाला: शुक्राची रडारने पाहणी केलेल्या मॅगेलन या नासाच्या यानाचा विदा स्वतः तपासणार असाल तर उंची ग्रहाच्या केंद्रापासून मोजलेली असते, आधी ६०५१.८ किमी (शुक्राची सरासरी त्रिज्या) वजा करा. प्रतिमेत उजळ म्हणजे उंच, असं धरू नका. खडबडीत जमीनही उजळ दिसते, रडारकडे तोंड असलेला उतारही, आणि तो आखडलेला दिसतो. मॅक्सवेलचा माथा तर पृष्ठभागाच्या विद्युत गुणधर्मामुळे झळकतो. उंचीमापकाचा ठसा (एका वेळी मोजला जाणारा जमिनीचा पट्टा) अनेक किलोमीटर रुंद, त्यामुळे तीव्र उतारावर जवळच्या उंच भागाचा प्रतिध्वनी आधी परत येतो आणि कडा सौम्य वाटतो. चुण्यांची उंची हवी असेल, तर मॅगेलनच्या पाहणीच्या पहिल्या आणि तिसऱ्या फेरीतल्या प्रतिमा जोडीने घ्या. दोन वेगळ्या कोनांतून उंचवटे काढता येतात.