भाडेकरू मुदतीआधी गेला. अनामत ठेवून घ्यावी का?

घरमालकीण, चिपळूण: लोट्याच्या एमआयडीसीत नोकरीला असलेला आमचा भाडेकरू पाचवा महिना संपताच चावी शेजारी ठेवून गेला. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार, सहा महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे तोवर घर सोडायचं नाही, पुढे महिन्याची नोटीस. भाडं आठ हजार, अनामत तीस हजार. ऐन पावसात घर बंद, भिंतींना बुरशी धरली. माझं मत, सगळी अनामत ठेवायची. नाहीतर करार करायचा कशाला?

भाडेकरू, रत्नागिरी: ताई, नाही पटलं. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७४ बघा. करारात दंड लिहिलेला असला तरी वाजवी भरपाईच मिळते. लिहिलेला आकडा ही फार तर कमाल मर्यादा. शिवाय नुकसान कमी करायला तुम्ही काय केलंत, हेही बघितलं जातं. घराला कुलूप लावून उरलेल्या महिन्यांचं भाडं मागता येणार नाही. आणि बुरशी त्याच्या माथी मारू नका. चिऱ्याच्या घराला श्रावणात ओल येतेच.

घरमालक, दापोली: बोलायला सोपं आहे हो. पुण्या-मुंबईत पाटी लावली की माणसं येतात. इथे जून ते गणपती घर बघायला येतं कोण? दावा लावायचा तर वकिलाची फीच भाड्याहून जास्त. घरमालकाच्या हातात अनामतीशिवाय आहे काय? ताई, लॉक-इनचा एक आणि नोटिशीचा एक, दोन्ही महिने कापा.

भाडेकरू, रत्नागिरी: दोन कसे? नोटीस न देता गेला म्हणून एकच महिना धरा. सहावा महिना दोनदा मोजताय तुम्ही.

वाचक, गुहागर: नोंदणी केलीत हे फार बरं केलंत. आमच्याकडे अजून स्टॅम्प पेपरवर सह्या करून भागवतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच ग्राह्य, घरमालक उलट सिद्ध करेपर्यंत. आधी त्याच्याकडून ताबा सोडल्याचं लेखी घ्या. नुसत्या चावीवर विसंबू नका, उद्या सामान राहिलं म्हणून परत आला तर?

घरमालकीण, चिपळूण: बुरशीचं पटलं, ते पैसे धरत नाही. ताब्याचं पत्र आजच मागते. पण लॉक-इन संपल्याशिवाय नोटीस देताच येत नाही, असं करारात स्वच्छ लिहिलंय. म्हणून सोळा हजार आणि वीजबिल कापणार, बाकी हिशेबासकट परत.

भाडेकरू, रत्नागिरी: आणि त्या दोन महिन्यांत नवीन भाडेकरू आला, तर त्याचं भाडं यातून वजा करणार ना?