उत्पन्नातली दरी कमी करणं सरकारचं काम आहे का?

गोदाकाठ:
माझं उत्तर हो, आणि महाराष्ट्रानं ते करून दाखवलंय. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर उभी राहिली. तिच्या पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्यानं घालायची. नाशिक शहरातल्या पगारातून सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांतल्या बांधबंदिस्तीची मजुरी, असा सरळ व्यवहार.

निफाडकर:
त्याच कराची पगारपत्रकातली ओळ बघा. महिना १२,००० चा कामगार आणि २ लाखांचा मॅनेजर, दोघांचेही वर्षाला २,५०० कापतात: अकरा महिने २००, फेब्रुवारीत ३००. एकाच्या कमाईचा पावणेदोन टक्के, दुसऱ्याचा जेमतेम ०.१. घटनेच्या कलम २७६ नं ही कमाल १९८८ पासून बांधून ठेवलीय. (२५,००० पर्यंतच्या महिलांना २०२३ पासून सूट आहे, तेवढंच.)

आणि कांदा? ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबरला थेट बंदी, ती उठली मे २०२४ मध्ये. उन्हाळ कांदा कांदाचाळीत साठवला की चार-पाच महिने दम धरतो. लाल कांदा नाही धरत, काढला की लासलगावच्या बाजारात न्यावाच लागतो. बंदी नेमकी त्याच्याच हंगामात आली. गिऱ्हाइकाची भाजी स्वस्त झाली ती निफाड-येवल्याच्या शेतकऱ्याच्या खिशातून. सरकारनं आधी आपला हात काढावा.

गोदाकाठ:
कराचं मान्य, टप्पे हवेतच. पण कांदाबंदी महागाईसाठी होती, दरी बुजवायला नव्हे. दोन्हींची मोट बांधू नका.

हजेरीपट:
दोघंही वरवर बोलताय. दिंडोरीच्या द्राक्षबागेत बघा. विरळणी (घडातले जादा मणी काढणं), डिपिंग (घड औषधात बुडवणं) सगळं उक्तं, म्हणजे रोजावर नाही, कामाच्या ठोक रकमेवर. समजा एका एकराची विरळणी ९,००० ला ठरली. १२ माणसं, तीन दिवस: ३६ रोज, म्हणजे माणशी दिवसाला २५०. त्यातून मुकादमाचा वाटा, वर पावसाळ्यात दिलेल्या उचलीची कपात. काम उक्तं असलं तरी माणशी रोज किमान वेतनाखाली जाऊ नये, असा कायदा आहेच. अडतं कुठं? किती माणसं किती दिवस राबली हे कुठेच लिहिलेलं नसतं. बागायतदाराकडे फक्त एकराचा दर, मुकादमाकडे फक्त उचलीची वही. तपासायला आलेला अधिकारी भागाकार करणार तो कशाचा? नवा कायदा नको. हजेरी लिहा, आणि मजुरी माणशी खात्यात टाका, मुकादमाच्या नाही.

निफाडकर:
म्हणजे दोन एकरवाल्यानं आता कारकुनी करायची! द्राक्षाचा भाव व्यापारी ठरवणार, मजुरीचा सरकार, आणि मधे आम्ही. शिवाय कागद आला की मागून इन्स्पेक्टर आणि त्याचा चहापाणी.

हजेरीपट:
चहापाण्याची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. भावाचंही बरोबर, मजुरी वाढली तर तिचा काही भार खरेदीदारावर जायला हवा, नाहीतर छोटा बागायतदार मजूर कमी करून घरच्यांनाच कामाला जुंपेल. पण कारकुनीचं कारण देऊ नका. निर्यातीच्या बागेत फवारणीची तारीख, औषध, मात्रा तुम्ही वहीत लिहिताच, नाहीतर माल अडतो. त्याच पानावर माणसांचा एक रकाना आखायचाय.