पॉलिमरेज एकटा काही करत नाही

भाऊ, पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल कशी होते, यावरचं 'पॉलिमरेज येतो, साखळी उघडतो, नक्कल करतो' हे तुमचं वाक्य अर्धंच बरोबर आहे. पॉलिमरेज हा नवी साखळी जोडत जाणारा एन्झाइम (विकर). डीएनए म्हणजे एकमेकांत पिळलेले दोन पेड; ते उघडायचं काम हेलिकेज या दुसऱ्या एन्झाइमचं. बैलाच्या दोराचे पेड मधूनच ओढून वेगळे करून बघा, पुढचा पीळ घट्ट होत जातो. डीएनएचंही तसंच. म्हणून टोपोआयसोमरेज नावाचा एन्झाइम पुढे कापतो, पीळ सोडतो आणि पुन्हा जोडतो.

पॉलिमरेजची खोड अशी की कोऱ्या जागी त्याला सुरुवातच करता येत नाही. आधी प्रायमेज हा एन्झाइम आरएनएचा (डीएनएच्याच जातीच्या रेणूचा) छोटा तुकडा लावून देतो. शिवाय नवी साखळी एकाच दिशेनं वाढते आणि जुने दोन पेड तर एकमेकांच्या उलट दिशेचे! त्यामुळे एकावर काम सलग, दुसऱ्यावर तुकड्यातुकड्यांनी. हे तुकडे ओकाझाकी पती-पत्नींनी १९६८च्या सुमारास दाखवले. जिवाणूंत ते १००० ते २००० अक्षरांचे (अक्षर म्हणजे साखळीतला एकेक दुवा), आपल्या पेशींत जेमतेम १०० ते २००. मग आरएनए काढून जागा भरायची, आणि शेवटची फट लायगेज हा एन्झाइम सांधतो.

आता रावेरकडच्या दादांचा प्रश्न: टिश्यू कल्चरची केळी एकसारखी, तरी एखादं खोड बुटकं का निघतं? रोप वाढताना पेशी दुभंगते तेव्हा दर वेळी हीच नक्कल होते. पॉलिमरेज स्वतःची चूक मागे वळून खोडतो, तरी थोड्या चुका राहतातच. पण सगळा दोष त्याच्यावर टाकू नका. प्रयोगशाळेत वारंवार फुटवे काढताना गुणसूत्रांत मोडतोड होते, डीएनएवरच्या मिथाइलच्या खुणाही (कोणतं जनुक चालू, कोणतं बंद हे ठरवायला मदत करणारे छोटे रासायनिक गट) बदलतात.