मदत हवी आहे : ट्रॅक्टर, टिलर आणि बॅकहो, तिघांना एकच इंजिन ऑइल चालेल का?

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या सड्यावरच्या एका गावातून लिहितोय. मिरग तोंडावर आलाय आणि ऑइल याच आठवड्यात घ्यायचंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाडीतली आम्ही पाच घरं मिळून २१० लिटरचं एक बॅरल आणतो. सुटं घेण्यापेक्षा स्वस्त पडतं आणि दीड-दोन वर्षं पुरतं. माझ्याकडे ४२ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे, वडिलांनी २००९ साली घेतलेला. शिवाय एक सिलिंडरचा पॉवर टिलर. चुलतभावाचा २०२२ चा बॅकहो चिरेखाणीवर असतो (गावात सगळे त्याला जेसीबीच म्हणतात, कंपनी वेगळी आहे). आजवर त्याचं ऑइल वर्कशॉपमधून डब्यातून यायचं. या वर्षी तोही म्हणतोय, मलाही तुमच्यात घ्या.

मागच्या जुलैत चिखलणी चालू असताना ट्रॅक्टरची डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाळ, चहात साय मिसळावी तसं. मेस्त्री बोलावेपर्यंत दोन दिवस गेले आणि तेवढ्यात इंजिनातून ठोके यायला लागले. बेअरिंगचे शेल गेले, क्रँक ग्राइंडिंगला द्यावी लागली. आठवड्याने टिलरचं ऑइलही तसंच झालं. तो वेळेवर बंद केला म्हणून वाचला. लावणी शेजाऱ्याच्या टिलरवर पंधरा दिवस उशिरा उरकली, तोवर रोप जून झालं होतं. वडील आता नाहीत. त्यांनी पै पै साठवून घेतलेल्या ट्रॅक्टरचं इंजिन माझ्या हातून बसलं, हे अजून मनातून जात नाही. या वेळी चूक करायची नाही.

मेस्त्री म्हणतात, इथल्या उष्म्यात ऑइल पातळ होतं, जाड घाल, २०डब्ल्यू-५०. दुकानदार २०डब्ल्यू-४० देतोय, स्वस्त आहे. ट्रॅक्टरच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४०, सीएच-४ दर्जाचं किंवा त्यावरचं असं आहे. बॅकहोच्या पुस्तकात सीके-४. आमच्या मागच्या बॅरलवर १५डब्ल्यू-४० सीआय-४ लिहिलेलं आहे, म्हणजे पुस्तकाप्रमाणेच होतं, तरी असं झालं. काय घ्यावं?

प्रतिसाद १ (रत्नागिरी)

दादा, आधी आकड्यांचं बघू. शेवटचा ४० म्हणजे इंजिन तापल्यावर, १०० अंशाला, ऑइल किती दाट राहतं ते. १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० दोन्ही तिथे सारखीच. फरक पहिल्या आकड्याचा आणि तो थंड इंजिन सुरू करतानाचा. आपल्याकडे पहाटे १५ अंश झाले तरी लोक शेकोटी पेटवतात, त्यामुळे तो फरक इथे फारसा जाणवत नाही. पण पुस्तकात १५डब्ल्यू-४० आहे तर तेच घ्या. सुरू करताना पातळ असलेलं ऑइल बेअरिंगपर्यंत लवकर पोचतं. '४० पातळ पडतं म्हणून ५० घाला' हे सांगणारे मेस्त्री पुष्कळ आहेत. जुन्या, ऑइल खाणाऱ्या इंजिनात त्याने धूर थोडा कमी होतो हे खरं, पण तुमच्या ट्रॅक्टरचे शेल आत्ताच नवे बसलेत. त्याला मुळीच घालू नका.

खरी निवड डब्याच्या मागच्या अक्षरांवर करायची. 'एस'ने सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनाची, 'सी'ने सुरू होणारी डिझेलची. दुकानदाराच्या स्वस्त २०डब्ल्यू-४० वर काय छापलंय ते वाचा. गावातल्या दुकानात त्या ग्रेडची बरीचशी ऑइल मोटारसायकलची असतात. ती डिझेलच्या काजळीसाठी केलेली नसतात.

सीएच-४ हा दर्जा १९९८ चा, सीआय-४ २००२ चा, सीके-४ २०१६ च्या शेवटी आलेला. सीके-४ मागच्या सीआय-४ आणि सीएच-४ च्या जागी चालतं. उलट चालत नाही. चाकांवरच्या बांधकाम मशिनांना एप्रिल २०२१ पासून धुराचे नियम कडक झाले. तुमच्या भावाच्या मशिनाला धुराचा फिल्टर असेल तर ऑइल जळून जी राख उरते ती त्यात कायमची साठते. काजळी जाळून टाकता येते, राख जळत नाही. म्हणून कमी राखेचं सीके-४. त्याला सीआय-४ घालून पैसे वाचवायला जाऊ नका.

म्हणजे एकच बॅरल आणायचं तर १५डब्ल्यू-४० सीके-४. टिलरचं पुस्तक मात्र उघडून बघा. काही एक सिलिंडरच्या इंजिनांना सरळ ३० किंवा ४० चं साधं ऑइल सांगितलेलं असतं.

प्रतिसाद २ (कुडाळ)

वरचं सगळं बरोबर आहे, पण माझं लक्ष दुसरीकडे गेलं. ऑइल दुधाळ म्हणजे त्यात पाणी गेलं. ट्रॅक्टरचं तसं झालं आणि आठवड्यात टिलरचंही. दोन वेगळ्या इंजिनांची हेड गॅस्केट (इंजिनातलं पाणी ऑइलमध्ये जाऊ न देणारी पट्टी) एकाच महिन्यात जाईल का? रेडिएटरचं पाणी कमी झालं होतं का? रेडिएटरच्या पाण्यावर तवंग होता का? आणि बॅकहोला काहीच झालं नाही, ज्याचं ऑइल डब्यातून येत होतं.

भाऊ, बॅरल कुठे ठेवता? उभं की आडवं? घाय करू नको, आधी ह्याचं उत्तर दे.

धागाकर्ता

रेडिएटर तेव्हाच बघितला होता, पाणी भरलेलं आणि स्वच्छ. मेस्त्रींनी हेड उघडलं, गॅस्केट चांगली निघाली. ते म्हणाले, चिखलात बुडवलास म्हणून पाणी गेलं. टिलर बुडाला होता हे खरं, ट्रॅक्टर नाही.

बॅरल मांगराबाहेर (शेतावरच्या खोपटाबाहेर) कातळावर उभं असतं, वर ताडपत्री. वाऱ्याने ती उडते, मग कुणीतरी परत टाकतं. हातपंपाने ऑइल काढतो, त्याची नळी तळापर्यंत जाते.

प्रतिसाद २ (कुडाळ)

मग सापडलं, असं मला वाटतं. उभ्या बॅरलच्या झाकणाला कड असते, त्यात पावसाचं पाणी तळ्यासारखं साचतं. बुचं त्या पाण्याखाली. दुपारी ऊन पडलं की कातळावरचं बॅरल तापतं, आतली हवा फुगून बुचातून बाहेर पडते. सर आली की बॅरल गार होतं, हवा आकसते आणि झाकणावरचं पाणी आत ओढलं जातं. बूच घट्ट वाटलं तरी हे होतं. आपल्याकडे चार महिने रोज हेच चालू असतं. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसतं, आणि तुमचा पंप तळातूनच खेचतो. म्हणजे इंजिनात आधी पाणीच गेलं.

तपासायला सोपं आहे. तळातलं थोडं काढून काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. शिवाय एक-दोन थेंब तापलेल्या तव्यावर टाका, तोंड लांब ठेवून. पाणी असेल तर फोडणीत ओली पानं पडल्यासारखं तडतडेल.

प्रतिसाद ३ (देवगड)

थोडं जोडतो. आमच्या आंब्याच्या बागेत गवत कापायच्या मशिनाला कामगाराने बॅरलमधलंच ऑइल पेट्रोलमध्ये मिसळलं होतं. टू-स्ट्रोकला वेगळं २टी लागतं, हे सगळ्यांना सांगून ठेवा. तसंच ट्रॅक्टरचे ब्रेक ऑइलमध्ये बुडलेले असतील तर गिअरबॉक्स-हायड्रॉलिकचं ऑइल निराळं. बॅरलमधलं तिथे घालू नका.

आणि चिरेखाणीवरच्या मशिनाला पुस्तकातले तास धरून चालू नका. जांभ्याची ती लाल धूळ पिठासारखी असते. पुस्तकात २५० तास असतील तर आम्ही त्याच्या निम्म्यावर बदलतो आणि एअर फिल्टर रोज बघतो. तुमच्या टिलरला ऑइलच्या वाटीचा एअर क्लीनर असेल तर त्या वाटीतला गाळही बघा, पावसात तिथेही पाणी जातं.

धागाकर्ता

काल रात्री बाटली भरून ठेवली होती. सकाळी तळाला दोन बोटं पाणी, वर पिवळट थर, त्यावर ऑइल. तवा तर इतका तडतडला की आई आतून धावत आली. बाटली पाचही घरांत फिरवली. एका काकांनी त्याच बॅरलमधलं पाच लिटर परवाच नेलं होतं, ते अजून घातलं नव्हतं. त्यांना थांबवलं.

वर्षभर मी मेस्त्रींना आणि ऑइलच्या कंपनीला दोष देत होतो. दोघांचा काही संबंध नव्हता. बॅरलमध्ये साधारण चाळीस लिटर उरलंय. पाणी खाली बसल्यावर वरचं वापरता येईल का? आणि ट्रॅक्टरमध्ये आत्ता त्याच बॅरलमधलं आहे, मार्चमध्ये घातलेलं. दुधाळ दिसत नाही.

प्रतिसाद १ (रत्नागिरी)

वरचंही इंजिनात घालू नका. दिसतं ते पाणी बसलं, पण ऑइलमध्ये मिसळलेलं डोळ्यांना दिसत नाही, आणि बेअरिंगला तेवढंही पुरतं. ट्रॅक्टर चालू करून गरम करा, गरम असतानाच ऑइल सोडा, फिल्टर नवा घाला, नवं ऑइल भरा. वीस-पंचवीस तासांनी डिपस्टिक पुसून बघा. जरा जरी साय दिसली तर पुन्हा बदला. क्रँकच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

ते चाळीस लिटर व्हाळात किंवा पाणंदीत ओतू नका. पहिल्या पावसात ते मळ्यांत आणि विहिरींत उतरेल. जळकं ऑइल गोळा करणारे नोंदणीकृत लोक मोठ्या वर्कशॉपमध्ये येतात, भावाच्या वर्कशॉपला विचारा.

नवं बॅरल मांगरात, लाकडाच्या ओंडक्यांवर आडवं ठेवा. दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील असं, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी. बुचं आतून ऑइलने झाकलेली राहिली की ओली हवा आत ओढली जात नाही. ऑइल निम्म्याखाली गेलं की उरलेलं वीस लिटरच्या कोरड्या, झाकणाच्या बादल्यांत काढून घ्या.

धागाकर्ता

ट्रॅक्टरचं ऑइल आज बदललं, वर्कशॉपमधून सीलबंद डबे आणून. टिलरच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० चालतं असं निघालं, म्हणून नवं बॅरल सीके-४ चं सांगितलंय, भावालाही त्यात घेतलं. मांगरातली गवताची भारी हलवून जागा केली आणि फणसाचे दोन ओंडके टाकलेत. जुन्या बॅरलवर खडूने 'इंजिनात घालू नये' असं लिहून पंप काढून घेतलाय. कुडाळच्या भाऊंचे विशेष आभार. बॅरल कुठे ठेवता, हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं.