पोलो १.० टीएसआय मॅन्युअल : स्टेज वन रीमॅप करावा का?

अजिंक्यतारा_२१

नमस्कार मंडळी,

गाडी २०२१ ची फोक्सवॅगन पोलो, १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल), सहा गिअरची मॅन्युअल. २०२२ मध्ये चाकणला पोलोचं उत्पादन थांबलं, म्हणजे अशी गाडी पुन्हा नवी मिळणार नाही, आणि ही मी विकणार नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. वॉरंटी संपलेली आहे. सर्व्हिस वेळच्या वेळी.

कामासाठी दर आठवड्याला सातारा-पुणे होतं. पुण्याला जाताना बोगदा असतो, त्यामुळे अडचण नाही. परत येताना मात्र खंबाटकी घाट चढावा लागतो. एकटा असलो तर गाडी मस्त पळते. आई-बाबा, बायको, मुलगी आणि डिकीत सामान असलं, वर एसी चालू, की चढाला ट्रक ओलांडताना पाचव्या गिअरमध्ये दम कमी पडतो. त्या क्षणी डाव्या बाजूला ट्रक आणि मागून दिवे मारणारी एखादी एसयूव्ही. बाबा काही बोलत नाहीत, पण वरचं हँडल धरून बसतात.

स्टेज वन रीमॅपबद्दल, म्हणजे इंजिन चालवणारं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याबद्दल, पुण्यात एका ट्यूनरशी बोललो. कंपनीची ताकद ११० पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच) आणि ओढ, म्हणजे टॉर्क, १७५ एनएम. तो म्हणतो १३५ पीएस आणि २२५ एनएम करून देतो, फक्त सॉफ्टवेअर, एकही पार्ट बदलायचा नाही. ४० हजार रुपये. दोन तासांत काम. "कंपनीने ताकद दाबून ठेवलेली असते, आपण ती मोकळी करतो" असं त्याचं म्हणणं.

९५ ऑक्टेनचं पेट्रोल हायवेवर मिळतं, घराजवळच्या पंपावर साधंच. गाडी अजून निदान आठ-दहा वर्षं वापरायची आहे. ज्यांनी केलंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कोल्हापुरी_पाना

दादा, माझं गॅरेज आहे म्हणून सांगतो. हेच इंजिन, हाच मॅन्युअल गिअरबॉक्स, अशी रीमॅप केलेली एक गाडी आमच्याकडे आली होती. कुणी केलं ते नाव घेत नाही. तक्रार अशी की चौथ्या गिअरला २२०० वर पूर्ण रेस दिली की आरपीएमचा काटा टणकन वर जातो आणि गाडी आहे तिथंच. क्लच सरकत होता. उघडल्यावर प्रेशर प्लेटच्या तोंडावर निळे डाग, आणि वास असा की पोरगं गाडीखालून बाहेर आलं. किलोमीटर बघता प्लेट अजून बरीच चालायला हवी होती.

रीमॅप वाईट असं माझं म्हणणं नाही. चांगली केलेली गाडी चालवून बघितली की माणूस खुळा होतो, खरंच. पण त्या ४० हजारात क्लच सेटचे पैसे धरलेत का ते बघा. "एकही पार्ट बदलायचा नाही" हे तो आज म्हणतोय. बदलायची वेळ आली की गाडी त्याच्याकडे जात नाही, आमच्याकडे येते.

मृण्मयी_पुणे

मी इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम करते. म्हणजे ट्यूनर जी फाईल बदलतो, तसल्या फाईली मुळात बनवण्याचं काम. पोलो आमची नाही, पण या जातीची इंजिनं रोज हाताखालून जातात. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

"कंपनीने ताकद दाबून ठेवली" या वाक्याने मला दर वेळी वाईट वाटतं. एकच फाईल मे महिन्यातल्या राजस्थानात, लडाखच्या विरळ हवेत आणि जुलैच्या मुंबईत चालावी लागते. मालक ९१ ऑक्टेनचं पेट्रोल भरणार, एअर फिल्टर वेळेवर बदलणार नाही, प्लग जुने होणार, आणि तरी इंजिनाने दीड लाख किलोमीटर तक्रार करायची नाही. जी ताकद "दाबलेली" दिसते ती या सगळ्यासाठी राखून ठेवलेली जागा असते. त्यातली थोडी तुम्ही वापरू शकता, कारण तुम्ही चांगलं पेट्रोल भराल, प्लग वेळेत बदलाल. पण ती जागा फुकट पडून होती असं समजू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. खंबाटकीवर ट्रक ओलांडताना तुम्हाला काय कमी पडतं ते आकड्यात बघू. पीएस म्हणजे एनएम गुणिले आरपीएम भागिले ७०२४. पाचव्या गिअरमध्ये २००० आरपीएमला तुमची आत्ताची गाडी १७५ एनएम देते, म्हणजे जेमतेम ५० पीएस. त्याच ठिकाणी रीमॅप केलेली २२५ एनएमची गाडी ६४ पीएस देईल. आणि आत्ताच्याच गाडीला तिसऱ्यात टाकलं, काटा ३५०० च्या आसपास गेला, तर ८७ पीएस. एक रुपया खर्च न करता. तुमच्या इंजिनाचा पूर्ण टॉर्क १७५० पासून ४००० पर्यंत सपाट आहे, त्यामुळे लोकांना पाचव्यातून रेस द्यायची सवय लागते. चढाला भरलेल्या गाडीत ओलांडायचं असेल तर आधी तिसरा, मग इंडिकेटर, मग रेस. बाबांचं हँडल बहुतेक तिथेच सुटेल.

तरी रीमॅप करायचाच असेल तर कुठल्या आरपीएमला काय वाढवायचं हे तुम्ही ठरवा, ट्यूनरला ठरवू देऊ नका. तुमच्या गिअरबॉक्सचं कुटुंब एमक्यू२००. त्यातला २०० हा आकडा टॉर्कच्या मर्यादेचा, एनएममधला आहे. कोल्हापुरी_पाना यांनी लिहिलंय ते त्यामुळेच. २२५ एनएम आणि तोही १८००-२००० ला, म्हणजे क्लच आणि गिअर दोघांवर सगळ्यात वाईट जागी ओझं. शिवाय इतक्या कमी आरपीएमला जास्त बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला दाब) दिला की छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनात ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. साध्या नॉकिंगला, म्हणजे ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण आपोआप फटकन पेटतं त्याला, ईसीयू (इंजिनाचा संगणक) टायमिंग मागे घेऊन, म्हणजे ठिणगी उशिरा पाडून, सावरतो. याला सावरायला त्याला वेळच मिळत नाही, कारण ठिणगीचा संबंधच नसतो. असा एखादा दणका पिस्टनची रिंगलँड (रिंगांमधली कड) फोडू शकतो. म्हणून ऑइल एपीआय एसपी दर्जाचं घ्या, त्या दर्जाच्या चाचण्यांत हा प्रकार खास तपासतात. आणि सहाव्यात १५०० ला पूर्ण रेस ही सवय रीमॅप नसला तरी सोडा.

मी असते तर ट्यूनरला म्हटलं असतं, २५०० च्या खाली कंपनीचाच टॉर्क ठेव, कुठेही १९५ च्या वर जाऊ नकोस, आणि जे द्यायचं ते ४००० च्या पुढे दे. आत्ता ४००० नंतर टॉर्क उतरायला लागतो. १७५ एनएम नुसता ५००० पर्यंत टिकवला तरी १२४ पीएस होतात, क्लचवर कणभरही जास्तीचा टॉर्क न टाकता. टर्बो छोटा आहे, वर त्याचा श्वास संपतो आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं, त्यामुळे १३५ चा हट्ट करू नका. जाहिरातीत हा ग्राफ फिका दिसतो, पण चालवताना गाडी ओढत राहते आणि दहा वर्षं टिकते.

ट्यूनर कसा ओळखायचा? त्याला विचारा, टॉर्क मॉडेलचं काय करता. आजच्या ईसीयूमध्ये तुमचा पाय बूस्ट मागत नाही, टॉर्क मागतो. त्या टॉर्कवरून हवा ठरते, हवेवरून बूस्ट. नीट काम करणारा ही सगळी साखळी बदलतो. घाईचं काम करणारा नुसता बूस्ट वाढवतो आणि ईसीयूला टॉर्क खोटा कमी दाखवतो. मॅन्युअलमध्ये हे एक वेळ खपतं. डीएसजी या दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र गिअरबॉक्स क्लच किती घट्ट दाबायचा हे त्याच आकड्यावरून ठरवतो, म्हणून तिथे खोटा आकडा म्हणजे सरकणारा क्लच. डीएसजीवाल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं. तिथल्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीक्यू२०० ची मर्यादा २५० एनएम आहे.

मूळ फाईलची प्रत स्वतःजवळ घ्या. फ्लॅश करताना, म्हणजे नवी फाईल ईसीयूत लिहिताना, बॅटरीला चार्जर जोडलेला हवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू अर्धवट लिहिलेला राहतो. पॉप अँड बँग फुकट देतो म्हणाला तर हात जोडून नाही म्हणा. ते आवाज एक्झॉस्टमध्ये पेटणाऱ्या पेट्रोलचे असतात आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यात भाजून निघतो.

आणि एक पैसाही देण्याआधी गाडीचा लॉग, म्हणजे चालत्या इंजिनाच्या आकड्यांची नोंद, घ्या. ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून ईसीयूचे आकडे वाचणारं यंत्र) कुणाकडूनही आणा. तिसरा गिअर, २००० ते ५५००, पूर्ण रेस, चढावर, रस्ता मोकळा असताना, शेजारी दुसरा माणूस बसवून. प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागे घेतलं जातंय, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट. तो इथे टाका, मी बघते.

ठाणेकर_विमा

तांत्रिक बाजू मॅडमनी लिहिली, कागदाची बाजू मी लिहितो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

रस्त्यावर कुणी ईसीयू उघडून बघत नाही हे खरं आहे. पण मोठा अपघात झाला की सर्व्हेअर बघू शकतो, आणि विमा कंपनीला न सांगितलेला बदल सापडला की क्लेम अडतो. गाडीत पाच माणसं असतात असं तुम्हीच लिहिलंय. करणार असाल तर विमा कंपनीला लेखी कळवा, त्यांचं उत्तर लेखी घ्या. उत्तर "नाही" आलं तर निर्णय तिथेच झाला असं मी मानेन.

अजिंक्यतारा_२१

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नीट कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

मित्राचं डोंगल घेऊन रविवारी सकाळी भावाला शेजारी बसवून लॉग घेतला, मॅडमनी सांगितलं तसाच. टाकीत साधं पेट्रोल. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट जवळजवळ सारखाच. हवेचं तापमान सुरुवातीला ४१, शेवटी ५६. टायमिंग मात्र विचित्र आहे. पहिला सिलिंडर ० ते ०.८ अंश मागे, दुसरा तसाच, आणि तिसरा ३००० च्या पुढे सलग ४.५ ते ५.३ अंश मागे. पेट्रोल खराब आहे का?

तिसऱ्या गिअरचं सांगायचं तर याच आठवड्यात भरलेल्या गाडीत करून बघितलं. फरक मोठा आहे. इतकी वर्षं इंजिन ओरडतंय म्हणून मी गिअर वर टाकत होतो.

मृण्मयी_पुणे

लॉग छान घेतलाय. पेट्रोल खराब असतं किंवा हवा फार तापली असती तर तिन्ही सिलिंडर मागे गेले असते. एकटा तिसरा जातोय म्हणजे दुखणं त्या सिलिंडरचं स्वतःचं आहे. या इंजिनाचा इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा गार करणारा) इनटेक मॅनिफोल्डमध्येच, पाण्यावर चालणारा आहे, आणि ५६ हे उन्हाळ्याच्या मानाने ठीक आहे. तिकडे बघत बसू नका.

इंजिन गार असताना तिसऱ्याचा प्लग पहिल्यात आणि पहिल्याचा तिसऱ्यात टाका, टॉर्क पाना वापरून, आणि तोच लॉग त्याच चढावर परत घ्या. दुखणं प्लगबरोबर पहिल्यात गेलं तर तिन्ही प्लग बदला आणि विषय संपला. तिसऱ्यातच राहिलं तर इंजेक्टर किंवा व्हॉल्व्हवरचा कार्बन. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जात नाही, त्यामुळे तिथे काजळी धुतली जात नाही, साचते. ते कॅमेरा घालून बघावं लागेल.

पाच अंश टायमिंग मागे म्हणजे त्या सिलिंडरची ताकद तुम्ही आत्ताच गमावताय. या अवस्थेत रीमॅप केला असता तर वाढीव बूस्टचा सगळा भार त्याच सिलिंडरवर गेला असता, आणि ट्यूनरने कुठलाही लॉग न बघता दोन तासांत गाडी परत दिली असती.

कोल्हापुरी_पाना

दादा, प्लग काढल्यावर पोर्सेलिनवर बारीक काळी उभी रेघ दिसते का बघा, नखाने खरवडून जात नाही अशी. तिथून ठिणगी बाहेरून पळालेली असते. तसं असेल तर कॉइलचं रबरी बूटही बदला, नाहीतर नव्या प्लगला तीच रेघ परत पडते. आणि नवे प्लग बसवायच्या आधी तिन्हींचा गॅप मोजा, खोक्यातून आलाय म्हणून बरोबर असेल असं धरू नका.

अजिंक्यतारा_२१

रेघ आहे! तिसऱ्याच्या प्लगवर, आणि बूटच्या आतही तसाच माग दिसतोय. बाकी दोन स्वच्छ, पण तिन्हींचा गॅप झिजून वाढलाय. तीन प्लग आणि एका कॉइलची ऑर्डर दिली. बसवले की त्याच चढावरचा लॉग टाकतो. ट्यूनरला फोन करून तूर्त नको म्हणून सांगितलं. टॉर्क मॉडेलचंही विचारलं, तर म्हणाला ते सगळं फाईलमध्ये आपोआप होतं.

मृण्मयी_पुणे

मग त्याच्याकडून नकोच. नवीन लॉग आला की बघू. टायमिंग सरळ झालं तर एक टाकी ९५ ची भरून आणखी एक लॉग घ्या, म्हणजे वरच्या आरपीएमला खरोखर किती जागा शिल्लक आहे ते दिसेल.