चार नाटकांचा हंगाम: क्रम, परवानग्या, ऑर्गन-तबला आणि एकच सेट

तिसरी घंटा:

सांगलीतली हौशी संस्था आहे. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात चार नाटकं, प्रत्येकाचे दोन प्रयोग, असा बेत आहे. सभासदांना चारही नाटकांचा एकच पास, उरलेल्या खुर्च्या तिकिटावर. नाटकं ठरली आहेत: 'भगवदज्जुकम्' हे संस्कृत प्रहसन मराठी अनुवादात, देवलांचं 'संगीत संशयकल्लोळ', तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आणि एक कोरं, अजून कुठेही न झालेलं दोन अंकी नाटक. नटसंच सोळा जणांचा, त्यात गाणारे तिघे. ऑर्गन आणि वादक दोन्ही बाहेरून आणायचे. नव्या नाटकाचा दुसरा खर्डा हातात आहे.

५ नोव्हेंबरला संगीत नाटकानेच हंगाम सुरू करावा असा समितीचा आग्रह आहे. हे जमण्यासारखं आहे का? कुठल्या नाटकाला कुणाची परवानगी लागते? आणि चारही नाटकांना पुरेल असा सेट करता येतो का, की ते डोक्यातून काढून टाकावं?

पायपेटी:

५ नोव्हेंबरचा हट्ट सोडा. रंगभूमी दिन असल्यामुळे त्या दिवशी भावे नाट्यमंदिरात गौरवपदकाचा सोहळा असतो. पुढे लगेच राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी लागते आणि नाट्यगृह, प्रकाशवाले, रंगभूषाकार सगळेच अडकतात. तुमच्यातले दोन नट दुसऱ्या संस्थेकडून स्पर्धेत उतरले की तालमीही बुडतात.

आधी वादकाची तारीख घ्या, मग नाट्यगृहाची. नट बदलता येतो, संगीत नाटक वाजवणारा ऑर्गनवादक आयत्या वेळी मिळत नाही. त्याच्याकडून दोन प्रयोगांखेरीज किमान सहा तालमींच्या तारखा लिहून घ्या. संशयकल्लोळ जानेवारीच्या उत्तरार्धात, संक्रांतीनंतर करावं. हवा कोरडी असते, ऑर्गनची लाकडं फुगत नाहीत, पट्ट्या अडकत नाहीत. फेब्रुवारीत बारावीची आणि पाठोपाठ दहावीची परीक्षा लागली की घरचे प्रेक्षक येत नाहीत.

तीन गाणाऱ्यांत हे नाटक निघतं, म्हणून निवड शहाणपणाची आहे. गाण्याचा मुख्य भार आश्विनशेठ आणि रेवतीवर. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांचं काम गद्यावर आणि टायमिंगवर चालतं. तिथे उत्तम गद्य नट घ्या, गळा बघू नका. मानापमान किंवा स्वयंवर घेतलं असतंत तर तिघे पुरले नसते.

आता पट्टी, म्हणजे गायक पेटीवरची कुठली काळी-पांढरी षड्ज धरून गातो ते. समजा आश्विनशेठ काळी एकमध्ये गातो आणि रेवती काळी चारमध्ये. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार, त्यामुळे काळी चारला लावलेला एकच दायाँ (उजव्या हाताचा तबला) दोघांना चालतो. मात्र आश्विनशेठच्या ज्या पदाच्या रागात पंचमच नाही तिथे तो टोचतो; त्यासाठी काळी एकचा दुसरा तबला शेजारी लावून ठेवावा. रेवती काळी पाचची असेल तर दोन तबले लागणारच. हे पात्रनिवडीच्या दिवशीच तपासा. रंगीत तालमीत कळलं तर गाणारी व्यक्ती पट्टी उतरवते, आणि मग खालचे सूर चौथ्या रांगेपलीकडे जात नाहीत.

जुन्या ऑर्गनची पट्टी आजच्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याशी जुळेलच असं नाही. पत्ती (आत सूर देणारी धातूची पात) प्रयोगाच्या दिवशी घासता येत नाही, तेव्हा तंबोरा ऑर्गनला जुळवायचा, उलटं नाही. ऑर्गन टेम्पोत उभाच न्यायचा. नेल्यावर भाते आणि सगळ्या पट्ट्या एकदा वाजवून बघायच्या. एखादी पत्ती धुळीने मुकी झालेली असते आणि ती नेमकी षड्जाची निघते.

पदं किती ठेवणार? मूळ पुस्तकातली सगळी घेऊ नका. चौदा पदं सरासरी चार मिनिटांची धरली तर ५६ मिनिटं. त्यातली दोन रंगवून गायची असतील तर आणखी आठ. गद्य ९५ मिनिटांवर आणलंत तर खेळ दोन तास चाळीस मिनिटांचा होतो, मध्यंतर धरून तीन तासांच्या आत. वन्स मोअर आलाच तर फक्त ध्रुवपद आणि एक तान, पुन्हा सगळं पद नाही. हे वादक, तबलजी आणि गायक तिघांनाही आधीच माहीत हवं.

पदाच्या आधीच्या शेवटच्या वाक्याला ऑर्गनने सूर द्यायचा, वाक्य संपल्यावर नाही. वाक्य संपलं, मग सूर आला, मग गायकाने वादकाकडे पाहिलं, मग पद सुरू झालं, असं झालं की नाटक थांबून मैफल सुरू होते. यासाठी वादकाच्या वहीत नुसती पदं लिहून भागत नाही, आधीची दोन-दोन वाक्यंही लागतात. आणि तो गायकाला दिसेल असा रंगमंचाच्या पुढच्या कोपऱ्यात हवा, विंगेच्या आत नाही.

पहिली रांग:

पायपेटींशी एका मुद्द्यावर असहमत. जानेवारी ठीक, पण हंगामाचे पास संशयकल्लोळच्या जिवावरच विकले जाणार आहेत. पहिलं नाटक संस्कृत प्रहसन ठेवलंत तर पास घेणारे "बघू पुढे" म्हणतील. पास छापताना संशयकल्लोळच्या दोन्ही तारखा ठळक हव्यात. जानेवारीच्या तारखा हातात आल्याशिवाय पासविक्री सुरूच करू नका.

कागदवाला:

परवानग्यांचं. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो. देवल १९१६ मध्ये गेले, संशयकल्लोळ कधीच मुक्त झालं. पण कुणी अलीकडे केलेली संपादित रंगावृत्ती वापरणार असाल तर त्या संपादकाची परवानगी लागेल. त्यापेक्षा मूळ पुस्तक घेऊन काटछाट आपली आपण करावी.

'भगवदज्जुकम्' इथे लोक हमखास फसतात. संस्कृत मूळ शेकडो वर्षं जुनं, ते कुणाच्याच मालकीचं नाही. मराठी अनुवाद मात्र अनुवादकाचा असतो आणि त्याच्या हक्काची मुदत त्याच्या मृत्यूपासून मोजतात. अनुवादक हयात असेल तर सरळ पत्र लिहा. नाहीतर संस्कृत जाणणाऱ्या कुणाकडून नवा अनुवाद करून घ्या. खेळ जेमतेम तासाभराचा आहे, महिन्याभरात होतो.

तेंडुलकर २००८ मध्ये गेले, म्हणजे 'शांतता'वर २०६८ अखेरपर्यंत हक्क आहे. हक्कदारांच्या लेखी परवानगीशिवाय जाहिरातही करू नका. पत्रात नाटकाचं नाव, प्रयोगांची संख्या, ठिकाण, तारखा, तिकीटदर आणि संहितेत काही कापणार असाल तर ते नेमकं कुठे, एवढं हवंच. मानधन प्रयोगागणिक ठरतं, म्हणून तिसरा प्रयोग वाढवलात तर पुन्हा विचारायचं.

कायद्यात हौशी मंडळांसाठी एक सवलत आहे: पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर प्रयोग केला तर तो हक्कभंग धरला जात नाही. तुमचे प्रेक्षक पास विकत घेणार आहेत. "तिकीट नव्हे, देणगी प्रवेशिका" हा शब्दखेळ इथे करू नका.

नव्या नाटकासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल. संहिता दाखल केल्यापासून दोन महिने हाताशी ठेवा आणि दाखल करायची ती अंतिम संहिता. नंतर प्रवेश बदललात तर बदललेली पानं पुन्हा दाखवावी लागतात. तालमीत संवाद रोज बदलणाऱ्या दिग्दर्शकांना हे पटत नाही, पण प्रमाणपत्र त्या कागदावरच्या मजकुराचं असतं. लेखकाशी करारही आत्ताच करा: पहिल्या किती प्रयोगांचा हक्क तुमचा, स्पर्धेला कोण नेणार, पुस्तक निघालं तर संस्थेचं नाव येणार का.

तिकीट माणशी ५०० रुपयांच्या आत ठेवलं की नाटकाच्या प्रवेशावर जीएसटी लागत नाही. चार नाटकांच्या एकत्र पासाची किंमत त्यावर गेली तर हिशेबनिसाला आधी विचारा. पासावर प्रत्येक नाटकाचा दर वेगळा छापणं केव्हाही बरं.

झालर:

सेट. चारही नाटकांना एकच सेट म्हणजे चारही नाटकांना वाईट सेट. सांगाडा मात्र एक ठेवता येतो.

८ फूट उंच, ४ फूट रुंद अशा आठ चौकटी करा. दोन-दोन चौकटी बिजागऱ्यांनी जोडा, म्हणजे त्या पुस्तकासारख्या उघडून स्वतःच्या पायावर उभ्या राहतात. १० फुटी करायचा मोह होतो, पण छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फुटांचा. ८ फुटी चौकट फूटभर बाहेर राहते ते चालतं, १० फुटी रस्त्यात लवते आणि कोपरे सुटतात. यांशिवाय एक दाराची चौकट आणि एक खिडकीची, बस.

संशयकल्लोळला खिडकी लागतेच. रेवती रस्त्यात घेरी येऊन पडते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि ते कृत्तिकेला दिसतं. सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. खिडकी अशा कोनात हवी की कृत्तिकेचा चेहरा आणि खालची घेरी दोन्ही एकाच वेळी प्रेक्षकाला दिसतील. या घोटाळ्यातली तसबीर हातात मावणारी पण दहाव्या रांगेतून तसबीर म्हणून ओळखू येणारी हवी. चार बाय सहा इंचांच्या दोन एकसारख्या करा. एकच असली की ती विंगेत कुणाच्या तरी खिशात राहते.

'शांतता'ला दार लागतं, आणि खरंच दणकट. कडीत बोट चेमटण्यापासून ते दार बाहेरून लागलेलं असण्यापर्यंत त्या दाराला काम आहे. कापडी चौकटीत बसवलेलं दार आपटलं की सगळी भिंत थरथरते. म्हणून दाराची चौकट २ बाय ३ इंची लाकडाची, खाली तळपट्टीसह, मागे दोन तिरके टेकू आणि प्रत्येक टेकूच्या पायावर १५ किलोची वाळूची पोती. कडी लोखंडी लावा, आवाज हवा.

'भगवदज्जुकम्'ला चौकटी नेऊच नका. एक चौथरा, मागे काळा पडदा. हे प्रहसन शाळेच्या सभागृहात उत्तम होतं, म्हणजे नोव्हेंबरच्या स्पर्धेच्या गर्दीतही तुमचं पहिलं नाटक अडत नाही.

चौकटींना मांजरपाट ताणून, पातळ फेविकॉलचा हात देऊन वर डिस्टेंपर. ऑइल पेंट नको, चमकतो. दर नाटकाला वरून नवा रंग चढवाल, तर तिसऱ्या थरानंतर कापड जड होऊन लोंबतं; तेव्हा मधे एकदा धुवून काढा. आणि हे सगळं ठेवणार कुठे ते बघा. २०१९ आणि २०२१ चे पूर आठवत असतील तर नदीकाठचं तळमजल्याचं गोदाम स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

लाइटचं थोडक्यात: हजार वॅटचे चोवीस दिवे म्हणजे २४ किलोवॅट, तीन फेजवर वाटले तर फेजला साधारण ३५ अँपिअर. नाट्यगृहात चालतं. शाळेत बहुधा सिंगल फेज. ३२ अँपिअरचा पुरवठा असेल तर हॅलोजनचे सहाच दिवे धरा. तिथे एलईडीचे 'पार' दिवे न्या, ५४ बारीक एलईडींचा एक पार सुमारे दीडशे वॅट खातो. संशयकल्लोळला मात्र समोरून हॅलोजनच हवेत. स्वस्त एलईडीखाली कपड्यांवरची जरी मेलेली दिसते आणि रंगभूषा हिरवट.

दुसरा खर्डा:

नवं नाटक हंगामात शेवटी ठेवा, पण काम सगळ्यात आधी सुरू करावं लागेल. एप्रिलचा प्रयोग धरला तर उलटं मोजा: तालमी आठ आठवडे, त्याआधी प्रमाणपत्राचे दोन महिने, म्हणजे अंतिम संहिता नोव्हेंबरअखेर. त्याआधी दोन अभिवाचनं. पहिलं नटांचं, बंद खोलीत, घड्याळ लावून. दुसरं पंधरा-वीस बाहेरच्या श्रोत्यांसमोर. श्रोत्यांना "कसं वाटलं" विचारू नका, "छान" एवढंच मिळतं. त्यांना गोष्ट सांगायला लावा. जिथे चौघे चार वेगळ्या गोष्टी सांगतात तिथे संहिता ढिली आहे. लेखकाने त्या वेळी बोलायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं.

टंकलिखित एका पानाला सरासरी दीड-दोन मिनिटं लागतात. ८० पानांचा खर्डा असेल तर दोन तासांच्या वरच जाणार.

प्रहसनाबद्दल एक. परिव्राजकाचा जीव गणिकेच्या देहात आणि तिचा त्याच्या देहात जातो. दोन्ही नटांनी सुरुवातीचे दोन आठवडे दोन्ही भूमिका पाठ करून आलटून-पालटून करायच्या. मग एकमेकांची चाल, हातवारे, श्वास आपोआप उचलले जातात. असं न करता "बायकी आवाज काढ" म्हणून बसवलं की हशा पहिल्या मिनिटाला येतो आणि पाचव्याला आटतो.

तिसरी घंटा:

बरंच हाती लागलं. म्हणजे प्रहसन नोव्हेंबरात शाळेत, संशयकल्लोळ जानेवारीअखेर, 'शांतता' फेब्रुवारीच्या शेवटी, नवं नाटक एप्रिलमध्ये. एकच शंका: संशयकल्लोळला कॉलर माइक लावावेत का? भाड्याने आठ मिळतायत.

पायपेटी:

गाणाऱ्यांना नको. फेट्याचं टोक आणि शालूची जर माइकला घासते, आणि तान घेताना आवाज फुटतो. रंगमंचाच्या पुढच्या कडेला तीन बाउंडरी माइक (जमिनीवर ठेवायचे चपटे माइक), खाली स्पंजचा तुकडा घालून, म्हणजे पावलांचा धपधपाट चढत नाही. तबल्याला माइक देऊच नका. आठांपैकी दोन घ्या, फाल्गुनराव आणि कृत्तिकेला, तेही आवाज बारीक असतील तरच. बॅटऱ्या मध्यंतरात बदलायच्या, दिवा हिरवा दिसत असला तरी.